‘नेक्स्ट जनरेशन’च्या दुसऱ्या पर्वाचा ब्लू-रे संच : चाहत्यांची तक्रार कितपत खरी?

प्रश्न असा आहे : ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेची सातही पर्वे ब्लू-रेवर जमवायची आहेत, परंतु दुसऱ्या पर्वाच्या संचाबद्दल चाहत्यांची मते दोन टोकांची आहेत. काहींच्या मते तो संच पार बिघडवलेला आहे, तर काहींना त्यात आणि पहिल्या पर्वात काहीच फरक दिसत नाही. अशा वेळी विश्वास कोणावर ठेवावा, आणि हे पर्व घ्यावे की जुन्या डीव्हीडीवरच भागवावे?

जुन्या निगेटिव्हवरून नव्या डिजिटल प्रती तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देतो. दुसरे पर्व पहिल्याच्या तुलनेत उतरले आहे हे चाहत्यांचे निरीक्षण बरोबर आहे. ते का उतरले याची जी कारणे ते देतात, ती मात्र पुष्कळदा चुकीची असतात. पडद्यावर काय खटकते हे सांगण्यात नियमित पाहणाऱ्याची नजर सहसा फसत नाही, पण कारण शोधायला त्याच्याजवळ फक्त तयार डिस्क असते. निगेटिव्ह, संकलनाची यादी, मूळ टेप यांपैकी काहीच त्याला पाहायला मिळत नाही. म्हणून या मतांतली तक्रार एका बाजूला आणि तिचे स्पष्टीकरण दुसऱ्या बाजूला ठेवले, तर पुष्कळसा गोंधळ आपोआप मिटतो.

आधी ही मालिका कशी तयार झाली ते पाहावे लागेल, कारण त्यावाचून ब्लू-रेबद्दलचे कोणतेही मत तोलता येत नाही. सप्टेंबर १९८७ ते मे १९९४ या काळात प्रसारित झालेल्या या मालिकेचे चित्रीकरण ३५ मिमी फिल्मवर झाले, पण संकलन फिल्मवर झाले नाही. निगेटिव्ह धुऊन झाल्यावर ती लगेच टेलिसिने यंत्रातून व्हिडिओ टेपवर उतरवली जात असे, आणि त्यापुढचे सगळे काम, म्हणजे संकलन, अवकाशयानांची दृश्ये, शस्त्रांचे किरण, शीर्षके, हे अमेरिकेतल्या ४८० रेषांच्या एनटीएससी व्हिडिओवर होत असे. परिणामी पूर्ण भागाची फिल्मवरची प्रत कधी अस्तित्वातच आली नाही. २००२ मध्ये आलेल्या डीव्हीडी याच टेपांवरून केल्या होत्या, आणि मोठ्या पडद्यावर त्या धूसर दिसतात याचे कारण तेच आहे. टेप कितीही काळजीपूर्वक मोठी केली तरी तिच्यात मुळात नसलेला तपशील येत नाही.

त्यामुळे ब्लू-रेसाठी सीबीएस या मालिकेच्या मालक कंपनीला प्रत्येक भाग जवळजवळ पुन्हा बांधावा लागला. साठवलेल्या खोक्यांतून मूळ निगेटिव्ह काढायच्या, जुन्या टेपवरच्या भागाशी ताडून नेमका तो टेक आणि त्यातली नेमकी ती फ्रेम शोधायची, स्कॅन करायची, आणि मूळ संकलन जसेच्या तसे पुन्हा जुळवायचे, असे हे काम होते. प्रकाशनाच्या वेळी सांगितला गेलेला आकडा २५,०००हून अधिक रिळांचा होता. दूरचित्रवाणी मालिकेसाठी एवढा खर्चिक आणि वेळखाऊ उद्योग त्यापूर्वी क्वचितच कोणी केला असेल. जानेवारी २०१२ मध्ये तीन कथांची नमुन्याची डिस्क आली, जुलै २०१२ मध्ये पहिले पर्व आणि त्याच वर्षी डिसेंबरात दुसरे. या तारखांतच आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे. पहिले पर्व सीबीएस डिजिटल या घरच्याच विभागाने केले होते, आणि वर्षाला दोन-तीन पर्वे बाजारात आणायची तर तो एकटा विभाग पुरणार नव्हता. म्हणून दुसरे पर्व एचटीव्ही-इल्युमिनेट या बाहेरच्या कंपनीकडे देण्यात आले. पुढे तिसरे, पाचवे आणि सातवे पर्व पुन्हा सीबीएस डिजिटलने केले, तर चौथे आणि सहावे मॉडर्न व्हिडिओफिल्मने. एकाच मालिकेच्या सात संचांवर तीन वेगवेगळ्या हातांची छाप आहे, आणि ती ओळखायला चाहत्यांना श्रेयनामावली वाचायची गरज पडली नाही.

आता तक्रारींकडे वळू. सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे दुसऱ्या पर्वाचे चित्र ‘मऊ’ आहे, त्यात पहिल्या पर्वाची धार नाही. येथे तुलना कशाशी करायची हे फार महत्त्वाचे आहे. पुष्कळजण दुसऱ्या पर्वाची तुलना तिसऱ्याशी करतात आणि मग सगळा दोष कंपनीच्या माथी मारतात. ही तुलना न्याय्य नाही. पहिल्या दोन पर्वांचे छायाचित्रणकार एडवर्ड ब्राउन होते. तिसऱ्या पर्वापासून मार्विन रश आले आणि प्रकाशयोजनेची सगळी धाटणीच बदलली. सावल्या गडद झाल्या, चेहऱ्यांना उठाव आला, गणवेशही अंगाला चिकटणाऱ्या ताणकापडाऐवजी कॉलरवाले दोन भागांचे झाले. तिसरे पर्व अधिक देखणे दिसते त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात १९८९ मधल्या सेटवरच्या माणसांना आहे, २०१३ मधल्या संगणकांना नाही. याउलट पहिल्या आणि दुसऱ्या पर्वाची तुलना रास्त ठरते, कारण छायाचित्रणकार तोच, यानाचे अंतरंग मुख्यतः तेच, माध्यमही तेच. त्या तुलनेतही दुसरे पर्व थोडे कमी रेखीव आणि रंगांत थोडे निस्तेज वाटते, आणि तो फरक स्कॅनिंग व कलर ग्रेडिंगच्या (रंग व उजेड जुळवण्याच्या) टप्प्यावरचा आहे असे मानायला जागा आहे. माझे मत विचाराल तर हा फरक आहे, पण ओरड झाली तेवढा मोठा नाही. चार-पाच भाग सलग पाहिल्यावर डोळा सरावतो, आणि डीव्हीडीशी तुलना केली तर दोघांत काही नातेच उरत नाही.

मऊपणाबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. १९८८ मध्ये कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्या माणसाला ठाऊक होते की हे सगळे शेवटी ४८० रेषांच्या पेटीवर दिसणार आहे. फोकस किंचित सरकला तरी तो टेक चालून जाई, कारण तो सरकल्याचे कोणाला कळणारच नसे. जवळच्या दृश्यांत भिंगापुढे चित्र मऊ करणारा विसरण फिल्टर लावण्याची पद्धतही त्या काळात सर्रास होती. ब्लू-रेवर हे सगळे उघडे पडते, जसे नियंत्रणकक्षाच्या चकचकीत फलकांवर दिव्यांचे प्रतिबिंब पडू नये म्हणून चिकटवलेले काळे कागदही उघडे पडतात. अशा ठिकाणी प्रत तयार करणाऱ्याने काही न करणे हेच बरोबर असते. एखादे दृश्य अस्पष्ट दिसले की लगेच ‘यंत्राने दाणे (फिल्मवरचे बारीक कण) पुसले’ असा आरोप करण्याआधी त्याच प्रसंगातले पुढचे-मागचे शॉट पाहावेत. फक्त एकच शॉट मऊ असेल आणि आजूबाजूचे नीट असतील, तर दोष बहुधा निगेटिव्हमध्येच आहे. अख्खा भागच तसा असेल, तर मात्र पुढच्या टप्प्यांवर संशय घ्यायला हरकत नाही.

दुसरी तक्रार स्पेशल इफेक्ट्सची आहे. ती मला सर्वांत गंभीर वाटते आणि तिच्यात चाहते पूर्णपणे बरोबर आहेत. यानाच्या एका दृश्यासाठी संगणकाने हालचाल नियंत्रित केलेला कॅमेरा त्याच मार्गाने अनेकदा फिरवला जाई. एकदा यानाच्या मुख्य प्रकाशासाठी, एकदा खिडक्यांमधल्या दिव्यांसाठी, एकदा इंजिनांच्या निळ्या उजेडासाठी, एकदा मॅटसाठी, म्हणजे यान पार्श्वभूमीतून वेगळे कापता यावे यासाठी. हे सगळे थर वेगवेगळ्या फिल्मवर असत आणि ते व्हिडिओवर एकत्र केले जात. फिल्मचे थर सापडले तरी ते एकत्र कसे बसवायचे याची कृती कोणी लिहून ठेवलेली नव्हती. जुनी धूसर टेप समोर ठेवून, डोळ्यांनी ताडून, प्रत्येक थराची जागा, वेग आणि तेज पुन्हा ठरवावे लागले. शस्त्रांचे किरण, पारगमनाची (माणसे क्षणात एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवण्याची) झळाळी आणि पुष्कळसे ग्रह तर मुळातच व्हिडिओवर तयार झाले होते, म्हणून ते नव्याने करावे लागले. पहिल्या पर्वातल्या ‘डेटालोर’ या भागातला स्फटिकासारखा विशाल जीव त्या काळच्या संगणकावर कमी रेषांत काढलेला होता. तोही पुन्हा घडवावा लागला.

अशा कामात यंत्रापेक्षा माणसाचा निर्णय मोठा असतो. खिडक्यांचे दिवे किती उजळ ठेवायचे, यानाच्या कडेला किती अंधार सोडायचा, ग्रहावरचे ढग किती स्पष्ट काढायचे, हे सगळे अभिरुचीचे प्रश्न आहेत. सीबीएस डिजिटलच्या मंडळींनी पहिल्या पर्वात स्वतःला मागे ठेवले. मालिकेच्या दृश्यकलेवर मुळात काम केलेले मायकेल आणि डेनिस ओकुडा सल्लागार म्हणून सोबत असल्याचाही त्यांना उपयोग झाला असणार. दुसऱ्या पर्वात थरांची जुळणी काही ठिकाणी ढिली वाटते, काही नवे ग्रह आजूबाजूच्या फिल्मशी फटकून, अतिस्वच्छ दिसतात. ‘क्यू हू’ या भागात बोर्ग हे मालिकेतले अर्धयांत्रिक शत्रू पहिल्यांदा येतात. मालिकेच्या इतिहासातला एवढा महत्त्वाचा भाग नेमका या पर्वात असल्यामुळे चाहत्यांचा राग दुप्पट झाला, आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे : याही पर्वात यानांच्या मूळ प्रतिकृतींचे फिल्मवरचे चित्रण वापरण्याचेच धोरण राहिले. साठच्या दशकातल्या मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या २००६ पासून झालेल्या आवृत्तीत बाह्य दृश्ये सरसकट संगणकीय करून टाकली होती. त्या मालिकेच्या ब्लू-रेवर मग जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपे निवडण्याची सोय द्यावी लागली. येथे तशी वेळ आली नाही.

दाण्यांबद्दलची तक्रार उलट्या दिशेची आहे, आणि ती मी मुळीच मान्य करणार नाही. काही प्रेक्षक म्हणतात की चित्रात ‘मुंग्या’ दिसतात, मग याला हाय डेफिनिशन कसे म्हणायचे? हे दाणे म्हणजे फिल्मचे स्वतःचे पोत आहे. ते पुसण्याची सॉफ्टवेअर आमच्याकडे असतात आणि ग्राहक पुष्कळदा ती वापरायला सांगतातही. परंतु दाण्यांबरोबर त्वचेवरची रंध्रे, कापडाची वीण आणि केसांच्या कडाही पुसल्या जातात आणि माणसे मेणाची दिसू लागतात. दाणे डोळ्यांत फार भरत असतील तर दोष बहुधा टीव्हीतल्या शार्पनेसचा आहे. तो शून्याच्या जवळ आणावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

चित्राच्या आकाराबद्दलचा वादही असाच निष्फळ आहे. मालिका ४:३ या जवळजवळ चौकोनी आकारात आहे आणि ब्लू-रेवर ती तशीच ठेवली आहे. १९२० गुणिले १०८० च्या चौकटीत दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, हे पाहून ‘अर्धा टीव्ही रिकामा राहतो’ म्हणणारे आजही भेटतात. रुंद चित्र हवे असेल तर वरचे-खालचे चित्र कापावे लागेल, किंवा फिल्मच्या कडांवर जे आहे ते दाखवावे लागेल, आणि तेथे दिवे, उपकरणे, सेटचा शेवट असे काहीही असू शकते. ‘बॅबिलॉन ५’ या समकालीन मालिकेचे उदाहरण पुरेसे आहे. तिचे चित्रीकरण रुंद आवृत्तीचा विचार ठेवून झाले होते, पण संगणकीय दृश्ये ४:३ मध्येच तयार झाली होती. रुंद डीव्हीडी काढताना ती दृश्ये कापून ताणावी लागली, आणि प्रत्येक इफेक्टच्या वेळी चित्र एकदम खराब होत असे. २०२१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली ती पुन्हा ४:३ मध्ये, आणि २०२३ च्या ब्लू-रेवरही तोच आकार राहिला. एवढी वर्षे घालवून निर्माते ज्या निष्कर्षाला आले, तो ‘नेक्स्ट जनरेशन’च्या संचात पहिल्या दिवसापासून होता.

ध्वनीच्या बाबतीत गंमत अशी की मोठी चूक झाली ती सर्वांनी वाखाणलेल्या पहिल्या पर्वात. त्यातल्या काही भागांच्या ७.१ (आठ वाहिन्यांच्या) ध्वनिपट्टीत समोरच्या स्पीकरांच्या वाहिन्यांची नेमणूक चुकली होती, त्यामुळे आवाज भलत्याच बाजूने येत असे. चाहत्यांनी ते लगेच पकडले आणि कंपनीला तीन डिस्क बदलून द्याव्या लागल्या. जुना वापरलेला संच विकत घेणाऱ्याने या गोष्टीची चौकशी अवश्य करावी, कारण मूळ सदोष डिस्क अजूनही हातोहात फिरत आहेत. दुसऱ्या पर्वाच्या ध्वनीबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा संच घ्यावा असेच म्हणेन, तिच्याकडे येतो. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या दीर्घ संपामुळे हे पर्व उशिरा सुरू झाले आणि २२ भागांतच संपले. पहिला भाग ‘द चाइल्ड’ तर सत्तरच्या दशकात आखलेल्या पण कधीच न झालेल्या एका मालिकेची पडून राहिलेली पटकथा झाडून काढून केला होता, आणि शेवटचा ‘शेड्स ऑफ ग्रे’ हा जुन्याच दृश्यांची जोडाजोड आहे. अशा ओढाताणीत ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग तयार झाला. डेटा हा यंत्रमानव अवकाशताफ्याची मालमत्ता आहे की स्वतःचे निर्णय घेण्याचा हक्क असलेली व्यक्ती, यावर चाललेला खटला हा त्याचा विषय, आणि लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास. प्रसारणाच्या वेळेत बसवण्यासाठी या भागातली दहा मिनिटांहून अधिक दृश्ये कापली गेली होती. लांब आवृत्तीची व्हीएचएस टेप लेखिकेने जपून ठेवली होती. तिच्या आधारे मूळ निगेटिव्हमधून ती दृश्ये शोधून काढण्यात आली, आणि सुमारे ५७ मिनिटांचा पूर्ण भाग या संचात हाय डेफिनिशनमध्ये पाहायला मिळतो. वाढीव दृश्यांनी खटल्यातल्या पात्रांच्या परस्परसंबंधांना जी जागा मिळते, ती पाहिल्यावर मूळ भागात काही संवाद घाईने आल्यासारखे का वाटत होते ते कळते. व्हीएचएसच्या एका टेपचा असा उपयोग झालेला पाहून माझ्या व्यवसायातल्या कोणालाही समाधान वाटेल. या एका भागासाठी चित्राच्या किंचित मऊपणाकडे मी आनंदाने दुर्लक्ष करीन.

पूरक साहित्यात कलाकारांना पंचवीस वर्षांनी एकत्र आणणारी दीर्घ गप्पागोष्टींची मेजवानीही आहे, आणि तिच्याबद्दल चाहत्यांचे फारसे दुमत नाही. नाराजी आहे ती पुढच्या पर्वांबाबत. तिसऱ्या पर्वापासून प्रत्येक संचाबरोबर एक दोन भागांची कथा सलग चित्रपटासारखी जोडून स्वतंत्र डिस्कवर विकण्यात आली, आणि तिच्याबद्दलचे काही साहित्य फक्त त्या डिस्कवर ठेवले गेले. हे मला व्यापारीपणाचे वाटते. दुसऱ्या पर्वाच्या खरेदीदारावर निदान हा भुर्दंड पडत नाही.

मते तोलताना आणखी एक खबरदारी घ्यावी. पुष्कळ मते स्ट्रीमिंगवर पाहून दिलेली असतात, आणि लिहिणाऱ्याला त्यात व डिस्कमध्ये फरक करण्याची गरज वाटत नाही. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती जाऊ शकते. स्ट्रीमिंगला त्याचा छोटासा हिस्सा मिळतो, आणि फिल्मचे दाणे सर्वांत आधी तिथे बळी पडतात. त्यामुळे ‘चित्र चिखलासारखे आहे’ असे कोणी लिहिले, तर त्याने ते कोठे पाहिले हे आधी विचारावे. मताबरोबर भागाचे नाव आणि प्रसंग दिलेला असेल, तर ते मत शंभर उद्गारांपेक्षा मोलाचे धरावे, कारण ते आपल्याला स्वतः पडताळता येते.

आपल्याकडच्या वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण असे प्रश्न मला वरचेवर येतात. परदेशी मालिका इतक्या स्वच्छ निघतात, मग आपल्या ऐंशीच्या दशकातल्या मालिका का नाहीत? ज्या मालिका थेट व्हिडिओ टेपवरच चित्रित झाल्या, त्यांच्यामागे स्कॅन करायला निगेटिव्हच नाही, आणि टेपवर जेवढे आहे त्याहून अधिक कोणतीही संस्था काढू शकत नाही. ब्रिटनमधल्या ‘डॉक्टर हू’च्या जुन्या पर्वांचीही तीच स्थिती आहे. २०१८ पासून निघत असलेल्या त्यांच्या ब्लू-रे संचांत स्टुडिओतली दृश्ये टेपच्याच दर्जाची आहेत, आणि जिथे बाह्यचित्रणाची मूळ फिल्म सापडली तिथेच चित्र एकदम उजळते. ‘नेक्स्ट जनरेशन’नंतरच्या ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ या मालिका फिल्मवर असूनही ब्लू-रेवर आलेल्या नाहीत. त्यांची संगणकीय दृश्ये त्या काळच्या कमी रेषांतच तयार झाली असल्याने ती सगळी नव्याने करावी लागतील, आणि सात पर्वांच्या विक्रीने तेवढा उत्साह निर्माण केला नाही.

खरेदीचे म्हणाल तर पहिले पर्व बदललेल्या डिस्कसह मिळाले तर आधी ते घ्यावे, मग तिसरे, आणि दुसरे किंमत उतरेल तेव्हा घ्यावे, पण टाळू नये. परदेशातून मागवताना वेष्टनावरचा विभाग तपासावा; ब्लू-रेच्या वर्गवारीत भारत सी विभागात मोडतो, तर अमेरिका ए आणि ब्रिटन बी विभागात, त्यामुळे डिस्क सर्व विभागांत चालणारी आहे याची विक्रेत्याकडून खात्री करून घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. डीव्हीडी मात्र आता विकत घेण्यात अर्थ नाही.